मिठातला बर्फ

वरच्या वस्तीत घटसर्प आला तेव्हा आमच्याकडे मासळीचा हंगाम ऐन भरात होता, त्यामुळे घाबरायला कोणाला सवडच नव्हती. तिकडचा एक मुलगा गेला. गळा आतून धरत गेला आणि शेवटी श्वासच कोंडला, असं नावेवाल्यांनी सांगितलं. धक्क्यावरच्या बायकांनी हातातल्या सुऱ्या थांबवल्या, कोणाचा म्हणून विचारलं, किती वर्षांचा म्हणून विचारलं, आणि पुन्हा मासे चिरायला लागल्या. मासा कोणासाठी थांबत नाही. तो आपला वास सोडायला लागतो.

आमचं घर धक्क्याच्या मागे, बर्फाच्या कारखान्याला लागून आहे. बाबा त्या कारखान्यात कामाला. पहाटे साच्यांतून लाद्या निघतात तेव्हा बाबा लोखंडी आकडा घेऊन उभे असतात. लादी त्यांच्यापेक्षा जड असते, पण ती ओल्या फरशीवरून अशी घसरत येते की बघणाऱ्याला वाटावं, बाबा तिला नुसता रस्ता दाखवताहेत. मग ती यंत्रात जाते, चुरा होते, आणि पाट्यांनी धक्क्यावर. तिथे आई आणि इतर बायका पेट्या भरतात. एक थर बर्फ, एक थर मासा, परत बर्फ. आईच्या बोटांची टोकं हंगामभर सुरकुतलेली असतात, आणि ती म्हणते की म्हातारपण तिला बोटांकडून येणार.

साधा मासा साध्या बर्फात जातो. पण कधीमधी नदीच्या तोंडाशी तो मोठा रुपेरी मासा मिळतो, ज्याच्यासाठी मालक स्वतः खुर्चीतून उठतात. त्याला बांधायचं काम बाबांचं. आधी ओलं फडकं, त्यावर प्लास्टिक, आणि मग भोवती जाड्या मिठात कालवलेला बर्फ. मीठ पडलं की बर्फ चिडतो, असं बाबा म्हणतात. साध्या बर्फाहून कितीतरी गार होतो, हात घातला तर चटका बसतो. हे कुठल्या प्रमाणात कालवायचं ते बाबा मुठीने ठरवतात आणि कोणी विचारलं तर सांगतात, अर्थात चुकीचं.

त्या दिवशी दुपारी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर स्कूटरवरून आल्या. आमच्या बाजूच्या सगळ्या वस्त्या त्यांच्याकडेच आहेत, त्यामुळे स्कूटरचा रंग मूळचा कोणता हे आता धुळीखाली कोणालाच माहीत नाही. पायाशी निळा डबा होता. वादळाने खांब पाडल्यापासून दवाखान्यात वीज नव्हती. तिथला फ्रिज आता कपाट झालाय, असं त्या मालकांना म्हणाल्या. डब्यातल्या थंड पिशव्यांचं पाणी होत आलेलं. उद्या शाळेत शिबिर घ्यायचं, वस्तीतल्या सगळ्या पोरांना टोचायचं, पण तोवर घटसर्पाची लस गार कुठे ठेवणार? जनरेटर होता तो फक्त बर्फाच्या कारखान्यात.

मालकांनी बाबांना हाक मारली. अरे, हे बघ काय म्हणताहेत. आणि ते परत फोनवर बोलायला लागले.

बाबांनी डबा हातात घेतला. आजवर कारखान्यात बाबांकडे जो कोणी आला तो बर्फ मागायला आला. ठेवायला कोणी काही दिलं नव्हतं. बाबांनी हात पँटला पुसले, डबा उघडून आतल्या छोट्या छोट्या बाटल्या पाहिल्या, आणि त्या मोजक्याच आहेत हे बघून थोडे खट्टू झाल्यासारखे वाटले.

"गार ठेवा, दादा," सिस्टर म्हणाल्या. "फक्त थेट बर्फावर ठेवू नका."

"सिस्टर," बाबा हसून म्हणाले, "मला बर्फ शिकवता होय?"

सिस्टरही हसल्या. त्यांना अजून दोन वस्त्यांत जाऊन सांगायचं होतं.

पण त्याआधी आमच्या वस्तीत घरोघर सांगायला बाबा त्यांच्याबरोबर गेले. कोणी सांगितलं नव्हतं. मी आणि आमचा भोपळ्या, म्हणजे माझा धाकटा भाऊ, आम्ही मागे मागे. बहुतेक घरांनी बरं म्हटलं, आणि बरं म्हणण्याचा अर्थ बघू असाच होता. सुईला कोणाची ना नव्हती. सुईनंतर येणाऱ्या तापाला ना होती. पोर फणफणलं की आई घरी बसणार, आणि हंगामात आई घरी बसली की पेटी कोण भरणार.

जाळीवाल्याने तर तोंडावरच सांगितलं. तो दारात बसून फाटलेलं जाळं विणत होता, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून. जाळीवाला बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त, त्यामुळे तो बाबांशी सरळ बोलतच नाही. गेल्या वेळी टोचलं तेव्हा पुढच्या घरची पोरगी दोन दिवस रडत होती, म्हणून चिमणीला नेलंच नाही, असं त्याचं म्हणणं. चिमणी त्याची मोठी मुलगी, भोपळ्याच्याच वर्गातली. ती रडणार, तिची आई तिला घेऊन बसणार, धाकटा ढब्बू तिसऱ्याच गोष्टीसाठी रडणार, आणि मग जाळी काय मी पायाने विणू?

बाबा म्हणाले, आत्ता काय करतोयस?

सिस्टरना हसू आवरेना. जाळीवाल्याने अंगठा काढून घेतला, जाळं सैल पडलं, आणि तो म्हणाला, "बर्फ्या, तू बर्फ फोड. तुला डॉक्टर कोणी केलं?"

आतून जाळीवालीण ढब्बूला कडेवर घेऊन बाहेर आली. ढब्बू जेमतेम बसायला शिकलेला, पण वजनात आमच्या भोपळ्याला मागे टाकेल असा. तिने एकच विचारलं, टोचलं की हा आजार नक्की होत नाही ना? सिस्टर म्हणाल्या, सगळे डोस झाले की जवळजवळ नाहीच. आणि जितक्या जास्त जणांना टोचू तितका तो कोणाच्याच घरात शिरत नाही. जाळीवालीण बाबांकडे बघून म्हणाली, भावजी, तुमच्या पोराला टोचणार आहात का? बाबा म्हणाले, सगळ्यांत आधी. त्यालाच पहिला उभा करतो. मग तिने येते म्हणून सांगितलं, आणि ती येते म्हणाली म्हणून मागच्या चार घरांनीही सांगितलं.

भोपळ्याने हे सगळं ऐकलं आणि घरी येईपर्यंत तो एका हाताने दुसरा दंड झाकून चालला.

संध्याकाळी बाबांनी लस बांधायला घेतली. आईने थर्माकोलची नवी पेटी दिली, मासा न लागलेली. सिस्टरच्या डब्यातल्या बाटल्या बाबांनी बाहेर काढल्या, त्यांच्या कागदी खोक्यांसकट कोरड्या फडक्यात गुंडाळल्या, त्यावर प्लास्टिक, दोन पदर. मग कारखान्यातून बर्फाचा बारीक चुरा आणला आणि त्यात मीठ टाकलं. मालकांच्या रुपेरी माशासाठी राखून ठेवलेलं जाडं मीठ होतं ते. मी विचारलं, मीठ कशाला? बाबा म्हणाले, पाहुणे आहेत. कोणी पाहुण्याला साध्या पाटावर बसवतं का?

त्यांनी मुठीमुठीने कालवलं, हाताने चाचपलं, अजून अर्धी मूठ टाकली. मग मध्ये खळगा केला, पुरचुंडी ठेवली, वरून बर्फ लोटला, झाकण लावलं, आणि वर गोणपाट. बर्फावर थेट ठेवू नका म्हणाल्या होत्या. थेट ठेवलं नव्हतं. बाबा जेवतानाही पेटीकडे बघत होते.

सकाळी सगळ्यांच्या आधी त्यांनी पेटी उघडली आणि आम्हाला बोलावलं. पुरचुंडी दगडासारखी झाली होती. फडकं सुटेना. सुटलं तेव्हा बाटल्या दिसल्या. आतलं औषध पांढरं, टणक, उलटी केली तरी हलत नव्हतं. बाबांनी एक बाटली दुसऱ्या बाटलीवर वाजवून दाखवली. इतकं गार शहरातल्या मोठ्या दवाखान्यातही ठेवत नसतील, असं त्यांचं मत पडलं.

आईने बाटली हातात घेऊन बघितली. ती म्हणाली, हे सुईतून कसं जाणार?

याचा विचार बाबांनी केला नव्हता. पण उपाय सोपा होता. बर्फाचं पाणी करायला काही शिकावं लागत नाही. आम्ही तिघांनी बाटल्या वाटून घेतल्या. मी माझ्या ओढणीत धरल्या, आईने पदरात, बाबांनी बनियनच्या आत, आणि काखेला गार लागल्यावर ते नाचायला लागले तेव्हा भोपळ्या आदल्या दिवसापासून पहिल्यांदा हसला. हळूहळू आतलं सुटलं, पाणी झालं, दुधाच्या पाण्यासारखं. गोठण्याआधीही ते तसंच दिसत होतं. बाबांनी सगळ्या बाटल्या परत खोक्यांत भरल्या आणि आता नुसत्या गार पाण्याच्या पिशव्यांमध्ये, सिस्टरच्या निळ्या डब्यात ठेवल्या.

आई म्हणाली, सिस्टरना सांगा हं गोठलं होतं म्हणून. बाबा म्हणाले, त्यात सांगायचं काय? बर्फ झाला, वितळला. सकाळ-संध्याकाळ मी दुसरं काय करतो?

शाळेचा मधला वर्ग रिकामा केला होता. बाकं भिंतीला लावून एक टेबल मध्ये. आम्हाला सुट्टी, आणि शाळेला सुट्टी असून शाळेतच जायचं, हा अन्याय माझ्या वर्गातल्या सगळ्यांना एकदम जाणवला. रांग दारातून बाहेर व्हरांड्यात आणि तिथून पायऱ्यांवर. बायका तशाच आल्या होत्या, हाताला मासळीचा वास, पदर खोचलेले, कारण हे झालं की त्यांना परत धक्क्यावर पळायचं होतं. जाळीवालीण चिमणीला पुढे धरून आणि ढब्बूला कडेवर घेऊन दुसरी. चिमणीच्या डोळ्यांत आधीच पाणी होतं. पहिला भोपळ्या. बाबांनी त्याची बाही खांद्यापर्यंत दुमडली आणि मागे वळून रांगेकडे बघितलं, सगळ्यांना दिसतंय ना म्हणून.

सिस्टरनी भोपळ्याचा दंड कापसाने पुसला. मग बाटली उचलून हलवली, आणि नेहमीची सवय असावी तशी उजेडाकडे धरली. जरा वेळ धरून ठेवली. टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. आत पांढरा चुरा खाली बसायला लागला, वर पाणी स्वच्छ होत गेलं. त्यांनी दुसरी बाटली काढली. हलवली, ठेवली. मग तिसरी.

"दादा," त्या हळूच म्हणाल्या, "हे गोठलं होतं का?"

भोपळ्याचा पुसलेला दंड तसाच हवेत. मागे कोणीतरी विचारत होतं, काय झालं, पुढे सरका की. सिस्टरना नक्की माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेजारी ठेवून ताडून बघायला त्यांच्याकडे चांगली बाटली एकही नव्हती. बाबा नाही म्हणाले असते तर त्यांनी काय केलं असतं, ते मला अजून सांगता येत नाही.

बाबांनी विचारलं, "गोठलं असेल तर काय होतं?"

"मग उपयोग नाही. औषध मरतं."

"वितळलं तरी?"

"वितळलं तरी."

बाबांनी रांगेकडे बघितलं. त्यातली अर्धी माणसं त्यांच्या शब्दावर आली होती. मग त्यांनी भोपळ्याची बाही खाली केली, हळूहळू, घडी घातल्यासारखी.

"गोठलं होतं," ते म्हणाले. "सगळंच. दगड झालं होतं. मी मिठात ठेवलं."

हे त्यांनी मोठ्याने सांगितलं. तसं सांगायची गरज नव्हती, सिस्टर तर समोरच होत्या. पण बाबांना कारखान्यात यंत्राच्या वरचढ बोलायची सवय, त्यामुळे ते शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू गेलं.

सिस्टर म्हणाल्या की त्यांचीच चूक, गोठू द्यायचं नाही हे स्पष्ट सांगायला हवं होतं. पण तोवर कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मग एकीने विचारलं की मग आज काय नुसतं बसवायला बोलावलं होतं का. कामावरून वेळ काढून आलो, पोरांना रडवून आणलं. जाळीवालिणीने चिमणीचे डोळे पुसले, आणि चिमणी आनंदाने उड्या मारत पायऱ्या उतरली. नवीन लस शहरातून आणावी लागणार होती, आणि वादळाने रस्ता खचलेला. काही दिवस जातील, सिस्टर म्हणाल्या. बाटल्या त्यांनी फेकल्या नाहीत. त्या परत न्याव्या लागतात.

दुसऱ्या दिवसापासून बाबांचं नाव डॉक्टर पडलं. हमाल पाट्या उचलताना विचारायचे, काय डॉक्टर, आज माशांना ताप किती? लाद्या ओढणारा नवा माणूस तर बाबांना जीभ दाखवून आ करायचा. बाबा आकडा मारायचे, लादी ओढायचे. आधी ते आकडा टाकायचे तेव्हा टक् असा एकच आवाज यायचा. आता लादीला तडे जात होते आणि मालकांनी तेही बघितलं. रुपेरी मासा आला तेव्हा मालकांनी तो बांधायला दुसऱ्याला दिला. मेलेला मासासुद्धा मारून ठेवशील तू, असं म्हणाले आणि स्वतःच खूप हसले. बाबा बाजूला उभे राहून दुसऱ्याचे हात बघत होते. त्याने मीठ जास्त टाकलं. बाबांनी सांगितलं नाही.

घरी आई बाबांच्या ताटात न विचारता वाढत राहिली. एकदा जेवता जेवता बाबाच म्हणाले, "मासा मेलेलाच असतो. म्हणून त्याला चालतं." आणि पुढे जेवले.

मग एक दिवस भर दुपारी जाळीवाला आमच्या दारात आला. शिबिरानंतर तो आमच्याकडे फिरकला नव्हता. त्याने बाबांना बर्फ मागितला. चिमणीला ताप होता, कपाळावर ठेवायला हवा होता. बाबांनी विचारलं, घसा? तो म्हणाला, दुखतोय म्हणते, पाणीपण नको म्हणते.

बर्फ घेऊन बाबा, आई आणि मागून मी. चिमणी दाराशी चटईवर होती. मान सुजून कानापासून खांद्यापर्यंत एकसारखी झालेली, आणि श्वास घेताना ओल्या कागदातून वारा जावा तसा आवाज. आईने तिला उन्हात वळवलं, चमच्याच्या दांड्याने जीभ दाबली आणि आत बघितलं. घशात राखाडी कातडी धरली होती, एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत. आईने चमचा खाली ठेवला. बाबांनी पण बघितलं. बर्फाची पिशवी त्यांनी तिथेच टाकली आणि ते पळत कारखान्याकडे गेले.

शहराला जाणारा मासळीचा ट्रक उभा होता, अर्धाच भरलेला. बाबांनी मालकांना काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. मालक अर्ध्या मालाबद्दल काहीतरी बोलत होते आणि ड्रायव्हरने तोवर इंजिन सुरू केलं होतं. त्याच्याही घरी लहान मुलं होती. चिमणीला पुढे केबिनमध्ये घेतलं, तिचे आईबाप दोन्ही बाजूंना. खचलेल्या ठिकाणी ट्रक ढकलावा लागणार म्हणून बाबा मागे पेट्यांवर चढले.

ढब्बूला न्यायची सोय नव्हती. जाळीवालिणीने त्याला आईच्या हातात दिलं, आणि केबिनमध्ये चढता चढता वर पेट्यांवर बसलेल्या बाबांना म्हणाली, "त्या दिवशी गप्प बसला असतात तर टोचून झालं असतं हिला."

टोचलं असतं तर काय टोचलं असतं, हे तिथे असलेल्या सगळ्यांना माहीत होतं. तिलाही माहीत असणार. जाळीवाल्याने तिच्या दंडाला धरून आत घेतलं. बाबांनी दोरी घट्ट पकडली आणि ट्रक निघाला. मागून बर्फाच्या पाण्याची रेघ रस्त्यावर उमटत गेली, वळणापर्यंत.

ढब्बू सगळी रात्र आमच्याकडे रडला. भोपळ्या म्हणाला, ह्याचा घसा तर चांगला आहे.

बाबा दुसऱ्या दिवशी त्याच ट्रकने परतले. रस्त्यात दोनदा ढकलावं लागलं होतं. चिमणी जिवंत होती. तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दुसरंच औषध दिलं, विष उतरवणारं. लस ही आधी घ्यायची गोष्ट, आजार झाल्यावर तिचा उपयोग नसतो, हे बाबांना तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि बाबांनी आम्हाला. अजून काही दिवस तिला तिथेच ठेवणार होते, हृदयाकडे लक्ष ठेवायला. जाळीवाला तिच्यापाशी थांबला. जाळीवालीण ढब्बूसाठी परत आली होती आणि केबिनमध्ये तिच्या शेजारी सिस्टर बसल्या होत्या, कारण त्याही लस घ्यायला शहरातच गेलेल्या. निळा डबा त्यांच्या मांडीवर होता. पूर्ण रस्ताभर त्यांनी तो खाली ठेवला नाही, आणि बाबांनीही मागितला नाही. ट्रक खड्ड्यातून जाताना त्या दोन्ही हातांनी डबा उचलून धरत होत्या, असं ड्रायव्हरने नंतर सांगितलं.

सिस्टरनी आधी आम्हा सगळ्यांना, चिमणीच्या जवळ गेलेल्या प्रत्येकाला, गोळ्या दिल्या आणि समोर गिळायला लावल्या. ढब्बूला पातळ औषध. मग शाळा उघडायला सांगितली. या वेळी कोणी घरोघर गेलं नाही. धक्क्यावर पेट्या अर्ध्या भरलेल्या टाकून बायका आल्या. आधी बघू म्हणणारे आले, आधी न आलेले आले. हसत कोणी नव्हतं. मालकांनी त्यांची नातवंडं पाठवली.

बाबा आले नाहीत. ट्रकमधून उतरले ते सरळ कारखान्यात गेले, त्यांची पाळी सुरू झाली होती. सिस्टरनी रांग बघितली, मला हाक मारली आणि बाबांना घेऊन ये म्हणून सांगितलं. मोठ्यांनाही टोचायचंच आहे, आणि ते तर त्या मुलीजवळ होते.

मी गेले तेव्हा बाबा चुरा भरत होते, कोपरापर्यंत बर्फात. टोचून घ्यायचंय म्हणाल्या, मी सांगितलं. ते म्हणाले, शेवटी येतो. मी म्हटलं, आत्ता बोलावलंय. ते उभे राहिले, हात झटकले आणि माझ्याबरोबर निघाले. शाळेच्या पायऱ्यांवर ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहणार होते, पण सिस्टरनी आतूनच त्यांना टेबलाजवळ या म्हणून खूण केली. बायकांनी वाट दिली. कोणी डॉक्टर म्हटलं नाही.

टेबलासमोर तेव्हा जाळीवालीण होती. दोन दिवसांची झोप नाही, केस तसेच, आणि ढब्बू तिला आवरत नव्हता. एवढंसं पोर, पण सुई बघितल्यावर त्याने टेबलाची कड धरली ती धरलीच. मग पाय झाडायला लागला. सिस्टर म्हणाल्या, मांडीत टोचायचं आहे, कोणीतरी घट्ट धरा. तिने धरलं तर तो तिच्या हातांतून निसटत होता. माझी आई पुढे झाली, हात पसरले. जाळीवालिणीने ढब्बूला उचललं, आणि आईच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं.

"भावजी," ती म्हणाली, "तुम्ही धरा याला."

बाबा जागेवरच उभे. मग त्यांनी हात पँटला पुसले, दोनदा. पहिलीच्या मुलांचं बाक होतं, ते त्यावर बसले तेव्हा गुडघे छातीपर्यंत आले. जाळीवालिणीने ढब्बूला त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाबांनी एक हात त्याच्या पोटावरून घेतला आणि दुसऱ्या हाताने उघडी मांडी धरली.

बर्फातून आत्ताच निघालेले हात होते ते. ढब्बूचा श्वासच अडकला. डोळे मोठे झाले, त्याने मान वळवून बाबांच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग त्याने जो सूर लावला तो धक्क्यापर्यंत गेला असणार. रागाने लाल झाला, बाबांच्या बोटांवर चापट्या मारायला लागला. सिस्टरनी तेवढ्यात सुई घातली आणि काढली. ढब्बू अजून त्या हातांशीच भांडत होता.

"झालं," सिस्टर म्हणाल्या.

"कुठे? टोचलं कुठे अजून?" जाळीवालीण म्हणाली.

सिस्टरनी कापूस दाखवला. जाळीवालिणीने वाकून मांडी बघितली, बारीक लाल ठिपका बघितला, त्यावर बोट फिरवलं. मग तिने ढब्बूला उचलून घेतलं आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून तिथेच उभी राहिली, मागच्यांना वाट न देता. कोणी तिला सरक म्हटलं नाही.

बाबा उठायला लागले. त्यांनी बाकाला हात टेकला, गुडघे सरळ करायला गेले, पण तेवढ्यात मागच्या बाईने आपलं पोर त्यांच्या मांडीवर ठेवलंही होतं.